भाडेकरू उपेंद्र, राहणारी अस्मी

कागदोपत्री अस्मी देवस्थळी दुबईच्या अल बर्शा भागात कधी राहिलीच नाही. चारशे सात नंबरच्या स्टुडिओ फ्लॅटच्या करारावर भाडेकरू म्हणून नाव आहे ते तिच्या वडिलांचे, उपेंद्र देवस्थळीचे. अस्मीचा उल्लेख दुसऱ्या पानावर, 'सोबत राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात, 'मुलगी, वय २४' एवढाच. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. उपेंद्र त्या खोलीत एकही रात्र झोपला नाही. तो दुबईबाहेर खलिफा सिटीतल्या घरी, पत्नी सुजाताबरोबर, गेली अठरा वर्षे झोपत होता तिथेच झोपत होता. किंवा त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, एक ऑगस्टपासून झोपत नव्हता. कारण एक ऑगस्टपासून चारशे सातमध्ये अस्मी एकटी राहत होती.

याचे मूळ एका सहीत होते. अकराव्या वर्षी अस्मीच्या डोळ्यांचा पडदा निकामी होऊ लागला आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा उरला. सही ती करत असे, पण दर वेळी ती थोडी वेगळी उमटे. घरमालकाच्या ऑफिसला वर्षाचे चार चेक आगाऊ हवे होते, आणि सही जुळली नाही तर चेक परत येणार हे उघड होते. ऑफिसातल्या नूरजहाँ मॅडमने मोठ्या मायेने तोडगा सुचवला, "बेटा, फादर के नाम पे कर लो ना. सेम थिंग."

अस्मीने त्याआधी सात घरे पाहिली होती. पाच ठिकाणी एजंट तिच्याशी न बोलता तिच्या सोबत आलेल्या मैत्रिणीशी, नौशीनशी बोलला होता. सहाव्याने "लेकिन इनको संभालेगा कौन?" असे तिच्या देखत विचारले होते, आणि सातव्याने घर दाखवलेच नाही. तेव्हा 'सेम थिंग' तिने मान्य केले. चेक बाबाचे, पगारातून भरणा तिचा. आपली चूक झाली ती इथेच, असे ती पुढे म्हणत असे. पण या प्रकरणातल्या चुका आकाराने लावायच्या ठरवल्या, तर ही सर्वांत लहान निघते.

"बावन्न हजार दिरहम," सुजाता करार झाल्यावर गाडीत म्हणाली होती. "म्हणजे सव्वाबारा लाख रुपये. वर्षाला. घरी तुझी खोली तशीच रिकामी ठेवून."

"माय सॅलरी, आई."

"पगार तुझा आहे गं. जीवही तुझाच आहे, म्हणून बोलते."

उपेंद्र गाडी चालवत होता. तो एका बांधकाम कंपनीत सुरक्षा-अधिकारी होता. साइटवर कुणाच्या पायाला खरचटले तरी त्याचा अहवाल तो लिहीत असे, आणि प्रत्येक अहवालात 'मूळ कारण' नावाचा एक रकाना असे. तो रकाना रिकामा सोडणाऱ्या ज्युनिअरांवर तो चिडत असे, हे अस्मी लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर ऐकत आली होती.

घरात एक ठराव मात्र झाला. तीन महिने राहून बघायचे. काही गडबड झाली तर परत यायचे, नाही झाली तर त्या विषयावर पुन्हा कुणी तोंड उघडायचे नाही. ही अट सुजाताने घातली आणि अस्मीने हसत स्वीकारली. ऑक्टोबर संपेपर्यंत नीट राहणे, एवढेच तर करायचे होते.

आणि ती नीट राहिली. मेट्रो स्टेशनापासून इमारतीपर्यंत अकरा मिनिटे, मध्ये एकच मोठा रस्ता. इमारतीचा नातूर, म्हणजे वॉचमन, अबरार, पहिले दोन आठवडे तिला लिफ्टपर्यंत हाताला धरून नेत असे. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अबरारभाई, आप हाथ छोड़ोगे तो मैं भाग नहीं जाऊँगी." त्यावर तो इतका हसला, की त्यानंतर तो तिला फक्त सलाम करू लागला. बँकांची, विमा कंपन्यांची ॲप फोनच्या आवाजावर चालतात की नाही हे तपासण्याची तिची नोकरी होती. संध्याकाळी साडेसहाला ती घरी येई, स्वतःपुरता स्वयंपाक करी आणि रेडिओ न लावता जेवी. खलिफा सिटीत तिच्या जेवणावर कायम एक नजर असे. पानात काय संपले, घास कुठे सांडला, ते न मागता सांगितले जाई. इथे सांडले तर सांडले.

शेगडी विजेची होती, गुळगुळीत काचेची, आणि तिची बटणेही त्याच काचेत नुसत्या स्पर्शावर चालणारी. बोटाला काहीच कळू नये अशी ती योजना. अस्मीने तीन फुगीर रबरी ठिपके चिकटवले होते. पहिला मुख्य बटणावर, दुसरा पुढच्या डाव्या चुलीच्या बटणावर, तिसरा आच वाढवण्याच्या खुणेवर. बाकीच्या तीन चुली ती वापरतच नसे. ठिपके एका रेषेत नव्हते, त्यांच्यातले अंतरही सारखे नव्हते, कारण बटणेच तशी नव्हती. पाहणाऱ्याला ते कुणीतरी घाईत चिकटवलेले च्युइंगमचे गोळे वाटले असते.

सुजाताला तसेच वाटले.

दिवाळीला आठवडा होता. गुरुवारी उपेंद्रची दुबईत मीटिंग होती, तेव्हा त्याने सुजाताला दहा वाजता अल बर्शात सोडले. अबरारने आईसाहेबांना दुसरी किल्ली दिली. भाडेकरूची पत्नी म्हटल्यावर त्याने न देण्याचे कारण नव्हते. अस्मीला काही कळवलेले नव्हते. सरप्राइज द्यायचे होते. सुजाताने चार तास घर घासले. तिला मुलीच्या घरी आल्यावर हात बांधून बसणे माहीत नव्हते, आणि तिच्या आईलाही माहीत नव्हते. तिने पडदे झटकले, डबे रिकामे करून धुतले, एकसारख्या झाकणांचे एका कप्प्यात आणले, वाटेतले स्टूल खिडकीशी नेले. शेगडीवरचे ते तीन गोळे काळपट झाले होते. तिने ते सुरीने हळूच सोडवले, गरम पाण्यात धुतले, आणि मुलीला ते लागतात एवढे तिला ठाऊक असल्याने फेकून न देता परत चिकटवले. सारख्या अंतरावर, सरळ रेषेत, जशी तिने आयुष्यभर दारातल्या रांगोळीची पहिली ओळ घातली. पहिला आणि तिसरा ठिपका जागच्या जागी राहिले. दुसरा दोन बोटे सरकला आणि मागच्या चुलीच्या बटणावर गेला.

त्याच मागच्या चुलीवर तिने चकल्यांचा प्लास्टिकचा डबा ठेवला. ती बाजू तशीही वापरात नव्हती, आणि हाताला पटकन लागेल.

मग तिने चिठ्ठी लिहिली. शाळेच्या डब्यात चिठ्ठी घालायची तिची जुनी सवय होती. काय कुठे ठेवले ते तिने निगुतीने लिहिले, शेवटी 'आई' अशी सही केली आणि कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. जिच्यासाठी लिहिले तिला तो वाचता येणार नाही, हे चार तासांत तिच्या मनाला शिवले नाही. तीन वाजता उपेंद्र पिशव्या न्यायला वर आला, आणि दोघे परतले.

साडेसहाला अस्मी घरात शिरली, खिडकीशी गेली आणि तिची नडगी स्टुलावर आपटली. म्हणजे आई येऊन गेली. ती स्वतःशीच "ओ गॉड, आई" म्हणाली, आणि हे नोंदवण्याजोगे आहे की सर्वांत आधी ती शेगडीकडेच गेली. बोट फिरवले. ठिपके होते, तीन. एक, दोन, तीन. तिला हायसे वाटले. आईने निदान यांना हात लावला नाही. तिने पुढच्या चुलीवर पाण्याचे पातेले ठेवले, पहिला ठिपका दाबला, दुसरा दाबला, तिसरा चार वेळा दाबला. वर पंखा चालू केला, नळ सोडला आणि पाठ वळवून मेथी धुवायला घेतली.

पंख्यामुळे वास उशिरा आला. आला तेव्हा अलार्म वाजायला लागला होता.

ज्वाळा अशा फार नव्हत्या, धूर मात्र भरपूर होता. तिने मुख्य बटण बंद केले, दार लावून घेतले, आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत चार मजले खाली आली. तिच्या पुढे-मागे माणसे धडपडत, एकमेकांना हाका मारत उतरत होती. न चुकता उतरणारी ती बहुधा एकटीच. नऊ मजल्यांचे लोक ऑक्टोबरच्या उकाड्यात रस्त्यावर उभे राहिले, अग्निशमन दलाची गाडी येऊन गेली, कुणाला काही इजा झाली नाही. फक्त अस्मीच्या डाव्या तळहातावर वितळलेल्या प्लास्टिकचा एक थेंब पडला होता, आणि तो तिने कुणाला सांगितला नाही. गर्दीत तिच्या मागे एक बाई हिंदीत म्हणाली, "वही अंधी लड़की के घर में." दुसरी म्हणाली, "अकेली रखते ही क्यों हैं?"

इमारतीच्या वहीत त्या दिवसाची नोंद एका ओळीची आहे. 'फ्लॅट ४०७, राहणारी व्यक्ती दृष्टिहीन, प्लास्टिकची वस्तू गरम शेगडीवर राहिल्याने धूर.' ओळीतला प्रत्येक शब्द खरा आहे. दृष्टिहीन हा शब्द तिथे का आहे, हे मात्र ती ओळ सांगत नाही.

शुक्रवारी दुपारी नौशीन आली. ती अस्मीच्याच ऑफिसात होती, भोपाळची, आणि देवनागरी वाचू शकत होती. "यार, फ्रिज पे कुछ चिपका है," ती म्हणाली. "हँडरायटिंग है. मराठी."

"वाच ना."

"वाचू?" नौशीनने घसा साफ केला. "अस्मी बाला..."

"बाळा."

"वही. 'शेगडीवरचे ठिपके फार मळले होते. धुऊन नीट एका ओळीत लावलेत. चकल्या मागच्या चुलीवर ठेवल्यात, सहज सापडतील. गोडा मसाला वर. रागावू नकोस. आई.' ये गोडा मसाला क्या मीठा होता है?"

अस्मी उत्तर न देता शेगडीपाशी गेली. काच तडकली होती, पण ठिपके चिकटलेलेच होते. तिने आधी त्यांच्यातले अंतर बोटांनी मोजले, मग नौशीनचे बोट धरून एकेका ठिपक्यावर ठेवले. "हे कोणत्या चुलीचं बटण आहे?"

"पीछे वाले का," नौशीन म्हणाली. मग तिने चिठ्ठीचा आणि शेगडीचा फोटो काढला. "फोटो तेरे पास भी रख," ती म्हणाली. "कागज़ घर में मत देना."

घरमालकाच्या ऑफिसचा ईमेल रविवारी आला. भाडेकरूने तीन दिवसांत लेखी स्पष्टीकरण द्यावे, ते समाधानकारक नसल्यास करार पुढे चालू ठेवता येणार नाही. भाडेकरू म्हणजे उपेंद्र. अस्मीने स्वतः लिहिते म्हटले तेव्हा नूरजहाँ मॅडमने फोनवर समजूत घातली, "बेटा, सिस्टम में तुम्हारा नाम ही नहीं है ना."

त्याच संध्याकाळी अस्मी टॅक्सीने खलिफा सिटीला गेली. चिठ्ठी तिने बॅगेत घेतली होती.

"म्हणजे मीच जाळलं म्हण," सुजाता म्हणाली.

"आय डिडन्ट से दॅट."

"मराठीत बोल. एवढं मोठं बोलायचंय तर मराठीत बोल."

"मी एवढंच म्हणतेय की ठिपके हलले होते. डबा चुलीवर होता. मी चेक केलं होतं, आई. मी सगळ्यात आधी तेच चेक केलं."

"चार तास राबले मी तिथे. गुडघे धरून आले. आणि हे ऐकायला?" सुजाताचा आवाज फुटला. "मी आले नसते तर त्या घाणीतून एक दिवस झालंच असतं काहीतरी." ती आत गेली, आणि आत नळ सुरू झाला. त्या घरात रडणे नेहमी नळाखाली होत असे.

उपेंद्र इतका वेळ बसून होता. "चिठ्ठी दे," तो म्हणाला. "मी लेटरला जोडतो. मूळ कारण स्पष्ट आहे. तू ज्या ऑर्डरने सांगितलंस त्याच ऑर्डरने लिहितो."

"आत्ता लिहिशील?"

"आत्ता."

त्याने चिठ्ठी घेऊन लॅपटॉप उघडला. अर्धा तास बटणे वाजत राहिली. मग त्याने तिला शेजारी बसवून पत्र वाचून दाखवले, एकेक परिच्छेद थांबत. राहणाऱ्या व्यक्तीने शेगडीवर सुरक्षेच्या खुणा केल्या होत्या. कुटुंबातील सदस्याने तिच्या गैरहजेरीत, चांगल्या हेतूने, त्या हलवल्या. ज्वलनशील वस्तूही त्या सदस्यानेच ठेवली. पुढे असे होऊ नये म्हणून दुसरी किल्ली परत करण्यात येत आहे. भाषा नेमकी होती. "त्या सदस्याचं नाव नको ना?" त्याने विचारले.

"नको. सदस्य ठीक आहे."

"इन्शाल्ला, होईल," उपेंद्र म्हणाला, आणि पाठवल्याचा आवाज अस्मीने ऐकला. तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले. असे तिने दहा-बारा वर्षांत केले नव्हते.

ऑफिसचे उत्तर बुधवारी आले, आणि नूरजहाँ मॅडमने, बहुधा सौजन्य म्हणून, त्याची एक प्रत अस्मीलाही पाठवली. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. आपल्या विनंतीनुसार करार या महिन्याअखेर संपवत आहोत. परिस्थिती पाहता दंड आकारण्यात येणार नाही.' अस्मीला वाटले, फोनने चुकीचे वाचले. तिने बोट खाली सरकवले. उत्तराच्या खाली, तसे ते असतेच, मूळ पत्र होते. फोनचा आवाज कुणाची बाजू घेत नाही. त्याने ते इंग्रजी पत्र सपाट सुरात वाचले.

'माझ्या मुलीच्या दृष्टिदोषामुळे सदर घटना घडली. प्लास्टिकचा डबा तिच्याकडून गरम पृष्ठभागावर राहून गेला. अशा धोक्याचा अंदाज तिला एकटीने घेता येत नाही. तिला स्वतंत्र राहू देण्याचा निर्णय ही पालक म्हणून आमची चूक होती. करार संपवावा ही विनंती.'

सोबत काही जोडलेले नव्हते.

तिने फोटो ऑफिसला पाठवले. उत्तर आले की पत्रव्यवहार फक्त भाडेकरूशीच करता येतो. तिने नौशीनला विचारले. नौशीन करामा भागात एका खोलीत तिघींबरोबर राहत होती आणि चौथा पलंग त्या खोलीत मावत नव्हता. ती रडली, पण पलंग मावत नव्हता. आणखी तीन एजंटांना फोन झाले. तिघांनीही आधीच्या घरमालकाचे पत्र मागितले, आणि आधीच्या घरमालकाकडे जे पत्र होते ते हे होते.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उपेंद्र तिला न्यायला आला. सुजाता खाली गाडीत बसली होती. वर आली नाही. खोलीत दोन बॅगा आणि एक खोके होते. नवी शेगडी बसवून झाली होती.

"एवढंच सामान?" उपेंद्र म्हणाला. "चल. आईने पुरणपोळी केलीय."

"तू वाचून दाखवलंस ते कुठे आहे, बाबा?"

त्याने एक बॅग उचलून दाराशी ठेवली. तिला सगळे कळले आहे हे त्याला बुधवारीच कळले होते, पण विषय कुणी काढला नव्हता. त्या घरात विषय असेच मिटत.

"सेव्ह नव्हतं केलं," तो शेवटी म्हणाला. "नुसतं टाइप केलं होतं. अस्मी, समजून घे. आईचं नाव अशा कागदावर... ती कोलमडली असती. तीन महिने मी झोपलो नाहीये. तू जिन्यात, तू रस्त्यावर, तू शेगडीपाशी. डोळे मिटले की हेच. आणि शेवटी कागदच आहे तो. कोण वाचतंय?"

"तू वर आला होतास. पिशव्या न्यायला."

"हो."

"ठिपके पाहिलेस?"

त्याने खोक्याची चिकटपट्टी दाबून बसवली. "ती दाखवत होती. किती छान लावलेत म्हणून. मी म्हटलं, छान. माझ्या डोक्यात ट्रॅफिक होता गं."

तीस वर्षे इतरांच्या चुकांचे मूळ कारण लिहिणाऱ्या माणसाने ते कारण आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्याला छान म्हटले होते. अस्मीने एका कानात इअरफोन घातला. ती एवढेच म्हणाली, "पाठवलंस ते वाच."

"आता काय उपयोग आहे?"

"तू मला एक पत्र वाचून दाखवलंस आणि दुसरं पाठवलंस. दुसरं राहिलंय. वाच."

उपेंद्रने फोन काढला. इंग्रजीत वाचू लागला, ऑफिसातल्या बैठकीत वाचावे तसे. अस्मीच्या एका कानात इअरफोन होता आणि त्यात तिचा फोन तेच पत्र ओळीमागून ओळ वाचत होता. तपासल्याशिवाय बाबाचे काहीही ऐकून घ्यायचे नाही, हे ती त्या आठवड्यात शिकली होती. दोन आवाज तिसऱ्या वाक्यापाशी वेगळे झाले.

"एक वाक्य गाळलंस."

"अस्मी, यल्ला, चल. आई खाली उन्हात आहे."

"तिसरं."

त्याने तिसरे वाक्य वाचले. इंग्रजीत ते सहज वाचता आले. धोक्याचा अंदाज, एकटी, असमर्थ. त्याच्या अहवालांतले रोजचे शब्द.

"आता मराठीत," ती म्हणाली.

"काय?"

"मला सांग मराठीत. घरी बोलतो तसं."

"माझी मुलगी..." उपेंद्र म्हणाला आणि थांबला. खाली सुजाताने हॉर्न दिला. तो पुन्हा "माझी मुलगी" एवढेच म्हणाला. अस्मीने इअरफोन काढून खिशात टाकला, भिंतीला टेकली, आणि पुढचे ऐकण्यासाठी उभी राहिली.